बदल नाही

कार्दलाच्या टपाल कचेरीत चौतीस वर्षं
हेल्वेनं पत्रं खणांत टाकली.
बेटावरचं कुठलं आडनाव कुठल्या खणात
हे तिच्या कोपराला ठाऊक होतं, डोळ्यांना विचारावं लागत नसे.
आता कचेरीच्या जागी चष्म्यांचं दुकान आहे
आणि हेल्वेच्या स्वयंपाकघरात, राईच्या पावाच्या डब्याशेजारी,
एक जुना लॅपटॉप, त्यात एक फीड रीडर:
त्रेचाळीस खण.

तालिनची दोन वर्तमानपत्रं. फेरीबोटीच्या वेळा.
फिनलंडमधली एक बाई, जी फक्त अळंब्यांवर लिहिते, आणि तेही रागानं.
लाटव्हियातला एक चुली दुरुस्त करणारा,
त्याचं सगळं कळत नाही, पण विटा छान असतात.

भाचा तार्मो म्हणतो, मावशी, हे कोण वापरतं आता?
फोनवर घे, तो तुझी आवड ओळखून आपोआप दाखवतो.
"माझी आवड," हेल्वे बटाटा सोलत म्हणते,
"मलाच अजून नीट ओळखता आलेली नाही.
आणि पोस्टमननं पत्रं निवडून द्यायची नसतात."

दर अर्ध्या तासानं यंत्र निघतं,
दारोदार जाऊन एकच विचारतं: काही नवीन?
नाही म्हटलं तर रुसत नाही,
अर्ध्या तासानं पुन्हा त्याच पायरीवर उभं.
माणसाला हे जमत नाही. हेल्वेला तर मुळीच नाही;
बहिणीनं दोनदा फोन उचलला नाही
तर तिसरा ती थेट ईस्टरला करते.

एकोणतिसावा खण काल्योचा.
पलीकडच्या वोर्म्सी बेटावरचा, कधी न भेटलेला.
तो समुद्रावरच्या बर्फाबद्दल लिहायचा:
कधी धरला, किती बोटं जाड, कुठल्या दिवशी फुटला.
मधूनच बदकं. मधूनच त्याचा गुडघा.
शेवटचं टिपण सहा वर्षांपूर्वीच्या मार्चमधलं.
मग काही नाही.

काढून टाक, तार्मो म्हणाला. गेला असेल.
नव्या कारकुनाला समजवावं तसं हेल्वेनं त्याला समजावलं:
उठून गेलेल्या घराचं उत्तर वेगळं येतं,
"असा पत्ता नाही" हा शिक्का बसून.
इथं सहा वर्षं, दिवसातून अठ्ठेचाळीस वेळा,
दार उघडतं, आतून आवाज येतो: बदल नाही,
आणि दार लागतं.
एवढं म्हणायलासुद्धा
कोणीतरी दर वर्षी जागेचं भाडं भरतंय ना?

ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी
तार्मो अंगणात जूनिपरच्या धुरावर मासे लावत होता,
तेव्हा एकोणतिसाव्या खणापुढं आकडा आला.
एक.

हात पुसायचेही राहिले.
उघडलं, तर तेच टिपण. तोच मार्च,
तीच बदकं, तोच गुडघा.
रीडरनं जुनी प्रत सांभाळून ठेवली होती;
दोन्ही शेजारी मांडून तिनं ओळींवरून बोट फिरवलं,
पावसात भिजलेल्या पत्त्यावरून फिरवायची तसं.
पाचव्या ओळीत सापडलं.
आधी: बर्फ चौदा तारखेला फुटला.
आता: पंधरा.

एवढंच.
एका दिवसाच्या चुकीसाठी
सहा वर्षांनी कोणीतरी दिवा लावून बसलं होतं.

वाचून झाल्यावर तिनं टिपणावर
"न वाचलेलं" अशी खूण पुन्हा केली. आकडा परत आला.
मग स्टुलावर चढून कपाटातली
नोकरीतल्या शेवटच्या वर्षाची रोजवही काढली.
चौदा मार्च: खाडीत बर्फ, फेरी दोन तास उशिरा.
पंधरा मार्च: फेरी वेळेवर, तीन पिशव्या.

"पंधराच," ती मोठ्यानं म्हणाली.

काय पंधरा? तार्मोनं खिडकीतून विचारलं.

"मासे," ती म्हणाली. "अजून पंधरा मिनिटं."